आत्याची मुंबई, भाच्याची वसई

लिस्बनला निघायच्या आदल्या रात्री आजीनं मला दोन गोष्टी दिल्या. केळीच्या वाळक्या पानात बांधलेला सुकेळ्यांचा पुडा आणि एक काम. "फिरंगी गेले तेव्हा किल्ल्यातल्या देवळांच्या घंटा घेऊन गेले. तिकडं कुठं दिसतात का बघ, बाय." आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत चर्चला देऊळच म्हणतात. पप्पा पलीकडून म्हणाले, "आई, घंटा फिरंग्यांनी नाही, मराठ्यांनी नेल्या." आजीला ते काही पटलं नाही. लाल लुगड्याचा पदर सावरत ती म्हणाली, "ज्याची वस्तू तोच नेणार ना?"

आजीच्या या प्रश्नात वसईचं सगळं कोडं आहे, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. शाळेत १७३९ साल आलं की वर्ग उसळायचा. किल्ला पडत नाही म्हटल्यावर 'निदान माझं डोकं तरी तोफेनं किल्ल्यात उडवा' असं म्हणणारे चिमाजी अप्पा, सुरुंगांनी उडालेला सेंट सेबॅस्टियनचा बुरूज, मग विजय. बाई रंगून सांगायच्या आणि मी पण रंगून ऐकायची. मधेच दोन-चार मुली माझ्याकडं वळून बघायच्या. माझं आडनाव फिरंगी, घरात केळी-पानवेलीची शेती, प्रार्थना मराठीत. जिंकलेल्यांत बसायचं की हरलेल्यांत, हे त्या तासाला मला कधी ठरवता आलं नाही.

२०१८ च्या सप्टेंबरात मी पाण्याच्या अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला लिस्बनला गेले. घरमालकिणीनं किल्ली हातावर ठेवत 'शाव्' म्हटलं आणि मला चावी ऐकू आली. सोमवार ते शुक्रवार प्रवाहाची गणितं. शनिवार-रविवार आला की वर्गातली मुलं स्वस्त विमानं शोधून सेव्हिल, रोम, बार्सिलोना गाठायची. माझी शिष्यवृत्ती बसच्या तिकिटापुरती होती. पण एक सोय होती. त्या वर्षी रहिवाशांना रविवारी दुपारी दोनपर्यंत सरकारी संग्रहालयं आणि राजवाडे फुकट असत. मी स्वतःला एक नियम घालून घेतला: सुट्टीत फक्त अशाच जागा बघायच्या ज्या १७३९ साली उभ्या होत्या किंवा उभ्या राहत होत्या. वसई पडली त्या वर्षी ज्यांची वसई पडली ते काय करत होते, एवढंच मला बघायचं होतं.

वसई त्यांच्याकडं दोनशे पाच वर्षं होती. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या डिसेंबरात तहात ती दिली. मग तटबंदी झाली, मठ झाले, चर्चं झाली, आणि दमणपासून चौलपर्यंतच्या त्यांच्या उत्तर प्रांताची वसई राजधानी झाली. तिथला बसाल्ट दगड गोव्यात बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीला गेला. एवढं सगळं १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत गेलं. आधी ठाणं आणि साष्टी, मग माहीम, तारापूर, शेवटी मे १७३९ मध्ये खुद्द वसई. त्या वेळी लिस्बनच्या गादीवर होता दॉम जुआंव पाचवा. राज्य १७०६ ते १७५०. माझी सगळी सहल शेवटी या एका माणसामागं झाली.

पहिला रविवार माफ्राचा. लिस्बनच्या काम्पु ग्रांदहून बस निघते, तासाभरात गाव येतं, आणि गावाच्या मानानं भलताच मोठा असा राजवाडा समोर येतो. दर्शनी बाजू दोनशे मीटरहून लांब, मधोमध चर्च, दोन्ही अंगांना राजवाडा, मागं मठ. खोल्या बाराशे. हा सगळा एका नवसाचा पसारा. राजाचं लग्न १७०८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी झालं आणि तीन वर्षं पाळणा हलला नाही. मूल झालं तर मठ बांधीन, असं राजा बोलला. १७११ च्या डिसेंबरात मुलगी झाली. मठ ठरला होता तेरा संन्याशांसाठी. बांधता बांधता तो तीनशे जणांचा झाला. १७१७ मध्ये पायाभरणी, १७३० मध्ये राजाच्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी चर्चची प्रतिष्ठा. तो मुहूर्त गाठायला शेवटी शेवटी पंचेचाळीस हजार मजूर राबत होते, आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून सैनिक उभे होते.

नवस म्हटल्यावर मला वज्रेश्वरी आठवली. वसई घेता आली तर देवीचं देऊळ बांधीन, असं चिमाजी अप्पा बोलले होते म्हणतात. ते देऊळ झालं आणि त्याला किल्ल्यासारखा कोट आहे. लहानपणी आम्ही गरम पाण्याच्या कुंडांसाठी तिथं जायचो. म्हणजे लढाईच्या दोन्ही टोकांना एकेक नवस फेडलेला होता. एकानं मुलासाठी, दुसऱ्यानं किल्ल्यासाठी.

माफ्राला मी खरं तर घंटांसाठी गेले होते. दोन मनोऱ्यांत मिळून शंभराच्या घरात घंटा आहेत. एक संच अँटवर्पला ओतलेला, दुसरा लिएजला. लोक एक गोष्ट सांगतात: राजानं एका संचाची किंमत विचारली, तिकडच्या कारखानदाराला शंका आली की एवढ्याशा देशाला ही रक्कम झेपेल का, आणि राजानं कळवलं, इतक्या स्वस्तात मिळतात ठाऊक नव्हतं, दोन पाठवा. गोष्ट खरी असो नसो, मनोरे दोन आहेत आणि दोन्ही भरलेले आहेत. पण मी गेले तेव्हा आवाज नव्हता. लाकडी सांगाडे कुजले होते, कित्येक वर्षं घंटा पडू नयेत म्हणून आधाराच्या पहाडांवर पेललेल्या होत्या, आणि आता कुठं दुरुस्ती सुरू झाली होती. त्या पुन्हा वाजल्या २०२० च्या फेब्रुवारीत, मी परत आल्यानंतर. त्या रविवारी मी पायऱ्यांवर बसून शेवटची दोन सुकेळी खाल्ली आणि आजीला फोनवर सांगितलं, "घंटा आहेत, पण आपल्या नाहीत. आणि मुक्या आहेत." आजी म्हणाली, "नीट बघ."

नीट बघायचं तर हे विचारायला हवं होतं की पैसा कुठून आला. माझी आपली समजूत होती की वसई हरणारा देश तेव्हा खंगलेला असणार. घडलं होतं उलट. सोळाशे नव्वदच्या दशकात ब्राझीलच्या डोंगराळ मुलखात सोनं सापडलं. त्याचा पाचवा हिस्सा राजाचा. १७२० च्या दशकाअखेर तिथं हिरेही निघाले. दॉम जुआंवच्या काळात पोर्तुगालचं तोंड हिंदी महासागराकडून वळून अटलांटिककडं झालं होतं. मिरी, कापड, गलबतं, किल्ल्यांच्या डागडुज्या या सगळ्याचा हिशेब घालून जेमतेम नफा हाती देणारी वसई एका पारड्यात, आणि जमिनीतून उपसून थेट जहाजात भरायचं सोनं दुसऱ्यात. कोणाही दुकानदाराला विचारा, तो कुठल्या गाळ्याकडं लक्ष देईल.

दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या विषयाचं काम काढलं. आल्कांताराच्या दरीवरचा जलसेतू माझ्या खोलीपासून दोन बस बदलून होता. आग्वाश लिव्रेश, म्हणजे मोकळं पाणी. लिस्बन टेकड्यांवर वसलेलं, नदी खारी, त्यामुळं गोड्या पाण्याची कायमची ओरड. १७३१ मध्ये राजाज्ञा निघाली आणि वायव्येच्या झऱ्यांपासून शहरापर्यंत पाणी आणायचं ठरलं. मुख्य नळ सुमारे चौदा किलोमीटर. फाटे धरून अठ्ठावन्न. कुठंही पंप नाही, सगळा खेळ उताराचा. दरीवर पस्तीस कमानी, त्यांतली सर्वांत उंच पासष्ट मीटर. मी कठड्याला टेकून तिची उंची डोळ्यांनी मोजत होते आणि खालून महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. प्राध्यापक वर्गात एकदा म्हणाले होते की ही चांगल्या सर्वेक्षणाची कविता आहे. एरवी ते कवितेच्या वाटेला जात नसत.

या कामाचा खर्च मात्र ब्राझीलच्या सोन्यातून झाला नाही. लिस्बनकरांनी मांस, तेल आणि दारूवर कर भरून तो पेलला. पाणी शहरात पोहोचलं १७४८ मध्ये. म्हणजे १७३९ च्या मे महिन्यात इकडं पाथरवट जलसेतूचे दगड बसवत होते आणि तिकडं आमच्या तटाखाली सुरुंगांसाठी माती उपसली जात होती. मला त्या पाथरवटांचा राग येईना. पाण्यासाठी कर भरणाऱ्या बाईनं वसईचं नाव तरी ऐकलं होतं का?

तिसरा थांबा साव रॉक. बाहेरून हे चर्च इतकं साधं की समोरून लोक ट्राम पकडायला निघून जातात. आत डाव्या हाताला संत योहानाचं एक छोटं उपमंदिर आहे. दॉम जुआंवनं ते १७४२ मध्ये रोममध्ये सांगितलं. साल्वी आणि व्हानव्हितेल्ली हे वास्तुकार. नील लाजवर्द, अकीक, संगमरवर, ब्रॉन्झ. जवळ गेल्याशिवाय कळत नाही की चित्रं रंगांची नसून खड्यांची आहेत. ते रोममध्येच उभं केलं गेलं, पोपनं त्यात मिस्सा केली, मग दगडन् दगड सुटा करून १७४७ मध्ये तीन जहाजांत भरून लिस्बनला आणला आणि पुन्हा जोडला. युरोपातलं सर्वांत महागडं उपमंदिर म्हणून त्याची ख्याती. शेजारच्या संग्रहालयात त्याची चांदीची भांडी, मेणबत्त्यांचे माणूसभर उंच दिवे मांडलेत.

तिथं मला एक वाचलेली गोष्ट आठवली आणि मी बाकावर बसले. वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत वसईच्या फिरंग्यांकडं दारूगोळाही संपत आला होता आणि शिबंदीला द्यायला पैसाही. तेव्हा त्यांनी मुंबईच्या इंग्रजांपुढं हात पसरला. इंग्रजांनी थोडी दारू दिली, थोडं कर्ज दिलं, आणि कर्जाला तारण घेतली चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा. वसईच्या देवळांतली चांदी मुंबईत गहाण पडली त्याला तीन वर्षं होतात न होतात तोच त्याच राजानं रोमला एका उपमंदिराची ऑर्डर दिली. वसई हरली ती राजा गरीब होता म्हणून, असं यापुढं कोणी मला सांगू नये.

राजाला खबरच नव्हती असंही नाही. १७४० मध्ये मार्केस द लोरिसाल याला विजरई नेमून ताफ्यासह पाठवलं. तो १७४१ मध्ये गोव्याला पोहोचला आणि पुढच्या वर्षी वारला. तोवर तहात चौलही मराठ्यांना देऊन झालं होतं. वसई परत मिळवण्याचा विषय हळूहळू कागदावरच राहिला. त्या कागदांचेही पुढं हाल झाले. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानं आणि आगीनं नदीकाठचा राजवाडा गेला, हिंदुस्थानचा व्यापार सांभाळणाऱ्या कासा द इंडियाचं दप्तर गेलं. लिस्बनच्या किल्ल्यावरच्या मनोऱ्यातलं दप्तर तेवढं वाचलं, कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मानुएल द माइया या अभियंत्यानं ते ढिगाऱ्यातून बाहेर काढवलं. हाच गृहस्थ जलसेतूच्या कामातही होता. जलसेतू भूकंपात उभाच राहिला. आमच्या धंद्यातल्या माणसाबद्दल एवढा अभिमान मला पुन्हा वाटला नाही.

सोनं आणि पाणी झालं. १७३९ ची तिसरी बाजू रॉसियू चौकात भेटली. हा लिस्बनचा मधला चौक. लाटांसारखी काळी-पांढरी फरसबंदी, कोपऱ्यावर चेरीच्या दारूचं चिमुकलं दुकान, उत्तरेला खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह. नाट्यगृह आहे त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. आंतोनिउ जुझे द सिल्वा नावाचा एक नाटककार त्या काळी लिस्बनला हसवत असे. जन्म १७०५ चा, रिओ द जानेरोचा, शिक्षण कोइंब्राला कायद्याचं, खेळ बाहुल्यांचे. त्याचं कुटुंब ज्यू वंशाचं आणि सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. घरी चोरून जुना धर्म पाळतो, या आरोपावरून त्याला पकडलं आणि ऑक्टोबर १७३९ मध्ये गळा आवळून जाळलं. वसईच्या तहात एक कलम असं होतं की मागं राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल. ते पाळलं गेलं म्हणूनच मी आहे. मे महिन्यात मराठ्यांनी हरलेल्यांना जे दिलं, ते ऑक्टोबरात लिस्बननं आपल्याच एका माणसाला दिलं नाही. त्या दिवशी मी चौकात बराच वेळ उभी होते. शाळेतला तो तास आठवला. बसायची जागा तेव्हा ठरली नव्हती, आजही ठरली नाही. पण आता त्याची लाज वाटत नव्हती.

हिंदुस्थान पोर्तुगालला आठवत नाही असं मुळीच नाही. बेलेंच्या मठात वास्को द गामाच्या समाधीपुढं रांग असते. सिंत्र्याला गेले तर तिथं दॉम जुआंव द काश्त्रुचा मळा. १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडणारा हा माणूस. गोवेकरांकडून कर्ज काढताना त्यानं तारण म्हणून दाढीचे केस दिले, ही गोष्ट तिथली मुलं अजून शिकतात. त्याच्या मळ्यात सोमनाथहून आणलेला एक संस्कृत शिलालेख आहे, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळचा. मळा खाजगी, म्हणून मी तो बाहेरच्या भिंतीवरूनच पाहिल्यासारखा केला. लक्षात ठेवलेला हिंदुस्थान सगळा जिंकण्याचा होता. १५४६ आहे, १७३९ नाही. आमच्याकडं नेमकं उलटं. दोघांच्या पाठ्यपुस्तकांची पानं समोरासमोर ठेवली तर एकही धडा जुळायचा नाही.

मे महिन्यात, परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, मी साव व्हिसेंत द फोराला गेले. आल्फामाच्या वरच्या अंगाचा हा मठ. भिंतींवर निळ्या टाइल्सची चित्रं, आणि एका जुन्या भोजनगृहात ब्रागांझा घराण्याची दफनं. लांबट खोली, दोन्ही बाजूंना संगमरवरी पेट्या, प्रत्येकीवर नाव. इथं माझा दॉम जुआंव होता. सोनं, घंटा, लाजवर्द सगळं मागं ठेवून एका पेटीत. आणि त्याच खोलीत कातारिना होती. हिचं १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई गेली. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली, काही काळ राज्यकारभारही तिनं पाहिला, आणि १७०५ मध्ये लिस्बनलाच वारली. ही जुआंवच्या बापाची सख्खी बहीण.

मी मोठ्यानं हसले असावे, कारण पहारेकरी वळला. आत्या आणि भाचा! आत्याच्या आंदणात मुंबई गेली, भाच्याच्या हातून वसई गेली. मधे अंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांचं, आणि आमच्या विरार लोकलनं म्हणाल तर तासाभराचं. भाच्याच्या वसईला पैशांची गरज पडली तेव्हा तिनं आत्याच्याच मुंबईकडं देवळातली चांदी गहाण टाकली. घरातल्या घरात असे व्यवहार होतात. आमच्या शेजारी दोन भावांत विहिरीवरून तेच चाललंय. त्या दोन पेट्यांमध्ये उभी असताना साम्राज्य हा शब्द मला फार फुगवलेला वाटला. वर्षभर मी ज्याचा पाठलाग केला ते शेवटी एक घर निघालं, नवस बोलणारं, लग्नं जुळवणारं, नव्या मिळकतीच्या नादात जुन्या शेताकडं दुर्लक्ष करणारं.

परत आले तर आजीचा पहिला प्रश्न ठरलेला. "मिळाल्या?" नाही म्हटलं. मग गणपतीच्या सुट्टीत पप्पांनी गाडी काढली आणि आम्ही तिला नाशिकला नेलं. पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ सालचं. साव रॉकचे दगड जहाजांतून उतरले तेच साल. दाराच्या वर कोटावर ती घंटा टांगलीय. वसईहून आणलेली, अंगावर फिरंगी अक्षरं, साल १७२१. माफ्राच्या पायाला तेव्हा चार वर्षं झाली होती.

ऊन उतरलं होतं. घाटावर कपडे वाळत होते, कोणी पेरू विकत होतं. आजी काठीवर भार देऊन मान वर करून बघत राहिली. मग तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. फुलवाल्या बाईनं एकदा तिच्या लाल लुगड्याकडं पाहिलं आणि पुन्हा हार ओवायला लागली.

पप्पा हळूच म्हणाले, "बघितलंस आई, मराठ्यांनीच आणली होती."

"कोणी का आणेना," आजी म्हणाली. "देवळातली होती, देवळातच आहे."